नळाची वेळ

अकरा वर्षं वही माझ्याकडे होती.
दर रविवारी, सकाळी सहाला, शिट्टी.
जनकगंजच्या मागची ती बावडी,
घमेली किती, फावडी किती, कोण आलं,
आणि शेवटच्या रकान्यात दर खेपेला तोच शेरा:
वस्तीचं सहकार्य नाही.

मग गुडघे गेले.
वही विमलेशच्या हातात दिली, शिट्टीही,
आणि सवयीनं म्हणालो, सहाला सुरू कर.

ती हसली.
‘साहब, छह बजे तो नल आता है.’

एवढंच.
अकरा वर्षं मी शिट्टी वाजवत होतो
आणि पन्नास पावलांवर
बायका रांगेत हंडे पुढे सरकवत
ती ऐकत होत्या.

आता काम चारला सुरू होतं.
शिट्टी तिच्या पोराच्या खेळण्यांत गेली.
बांगडीवाल्या लखेऱ्यांची सून पंप सांभाळते,
हिशेब कोण लिहितं मला ठाऊक नाही,
गाळ कुठे टाकायचा यावर भांडणं होतात,
मोठ्यानं,
माझ्याकडे न बघता.

परवा तोंड उघडलं होतं,
दोर डावीकडून बांधा, म्हणणार होतो.
मिटलं.
त्यांनी उजवीकडून बांधला.
पहिल्यांदा सुटला, सगळे चिखलात.
दुसऱ्यांदा टिकला.

मी वरच्या पायरीवर बसतो, ऊन कलेपर्यंत.
काल विमलेश वही घेऊन वर आली,
कोपरापर्यंत गाळ, कानामागे पेन.
‘साहब, आपका नाम किस खाने में लिखूँ?’

म्हटलं,
आलेल्यांत.