सहा झाडं

शनिवारी परीक्षा.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेलाचा जुना डाग,
डागावर वही, वहीवर मी.
प्रश्न पहिला: चारशे बुचं.

ही चारशे मी स्वतः मोजलीत
अझारुजाच्या कारखान्यात, दिवसपाळीला,
कॅलिपरच्या जबड्यात एकेक धरून.
व्यास हवा चोवीस मिलिमीटर.
सरासरी आली चोवीस पूर्णांक एक दशांश,
प्रमाण विचलन अर्धा मिलिमीटर, चारशेचं वर्गमूळ वीस.
भागाकार केला: चार.
चार म्हणजे शून्य गृहीतक सपशेल आडवं.
मशीन सरकलंय, गणित छातीठोक सांगतं.

"एक दशांश?" फेलिस्मिनाबाई हसल्या,
"त्यानं काय वाइन रडणार आहे?"
चारशे तोंडं एकदम बोलली
की कुजबुजीचीही आरोळी होते.

प्रश्न दुसरा पुस्तकात नाही.
तो बाबांचा.

बाबा बुचाच्या ओकची साल काढतात.
कुऱ्हाडीनं, खोडाला न दुखवता.
मग उघड्या, लालसर खोडावर
पांढऱ्या रंगानं आकडा रंगवतात:
साल काढली ते साल.
एका सालीला नऊ सालं लागतात.

"पातळ व्हायला लागलीय," सूप ढवळत ते म्हणाले.
"पूर्वी सत्तावीस मिलिमीटर भरायची. हाताला कळतं."

हाताला कळतं, याची सार्थकता पातळी किती?

घरामागे आमची स्वतःची सहाच झाडं.
या उन्हाळ्यात मी पट्टी लावली.
एकोणतीस, बावीस, पंचवीस,
सत्तावीस, एकवीस, सव्वीस.
सरासरी पंचवीस.
दोननं कमी. कारखान्यातल्या दशांशाच्या वीसपट!

शितावरून भाताची परीक्षा, हे खरं,
पण शितं सहा
आणि भांडं डोंगरापर्यंत पसरलेलं.
मग ओळखीची ती घंटा बसकी होते,
दोन्हीकडे तिच्या कडा लांबत जातात,
आणि कोष्टकात पाचच्या ओळीत जाऊन उभं राहावं लागतं.
सहा झाडं, स्वातंत्र्यं पाच.
एक सरासरीनं आधीच भाड्यात कापून घेतलेलं.

दोनदा केलं. पेन्सिलीला टोक काढून तिसऱ्यांदा.
उणे एक पूर्णांक सहा.
उंबरठा होता उणे दोनच्या जरा पलीकडे.
बाबा अलीकडेच राहिले.

"म्हणजे मी खोटा?"
"नाही."
"म्हणजे साल आहे तेवढीच जाड आहे?"
"तसंही नाही. ते फेटाळता येत नाही, एवढंच."
बाबांनी पळी खाली ठेवली.
"बेलार्मिनुमामा सुटला तसं. पुराव्याअभावी.
बकरी कोणी खाल्ली ते गावाला ठाऊक होतं."

नमुना वाढवा, असं पुस्तक म्हणतं,
जणू झाडं शुक्रवारच्या बाजारात मिळतात.
आज ओक लावला
तर बुचाजोगी साल त्याची चाळिशी उलटल्यावर.
बाबा एकाहत्तर.

ते वही ओढून घेतात.
माझ्या चिन्हांना बगल देऊन
फक्त ते सहा आकडे वाचतात, बोट ठेवून,
प्रत्येकाशी थांबत:
हे विहिरीजवळचं. हे वीज पडलेलं.
एकवीस म्हणजे तुझ्या आजोबांनी घाईत सोललं ते,
तेव्हापासून रुसलंय.
हे कुठल्याच स्तंभात लिहिलेलं नव्हतं.

"नऊ वर्षांनी पुन्हा मोज," ते म्हणाले,
"ही सहा न् ती सहा, बारा होतील."

बारा नाही होणार, बाबा.
झाडं तीच, जोडीजोडीनं मांडायची,
ओळ पाचचीच.
पण विहिरीजवळचं विहिरीजवळच्याशी ताडायचं,
रुसलेलं रुसलेल्याशी.
मधला गलका तेवढा वजा होतो,
दबक्या आवाजातलंही कदाचित ऐकू येतं.

हे सगळं मी मनात म्हटलं.
मोठ्यानं एवढंच, "मोजीन."

"शनिवारी किती वाजता?"
"नऊ."
त्यांनी दोन वाडगे काढले,
वही नीट बाजूला सरकवली
आणि सूप त्या डागावरच ठेवलं.