रंगाचे डबे

दोन रिकामे डबे, पांढऱ्या डिस्टेंपरचे,
त्यांत साइटवरचं उरलेलं काँक्रीट,
मधोमध दीड इंची पाइप.
बशीर परकारने ते जुबैलच्या आमच्या कॅम्पच्या गच्चीवर
रात्रभर सुकत ठेवले
आणि सकाळी डब्यावर खडूने लिहिलं:
चौदा किलो, अंदाजे.

तोपर्यंत माझं सगळं नेमकं होतं.
महिन्याला अठराशे रियाल,
खोलीत आठ माणसं,
हजेरी नंबर चार हजार सातशे अकरा,
घरी जायला अजून चौदा महिने.

म्हटलं, बशीर, वेड लागलंय का तुला?
दिवसभर परांच्या बांधतो आपण,
पाइप उचलतो, क्लॅम्प उचलतो, फळ्या उचलतो,
रात्री पुन्हा उचलायचं? फुकट?
तो म्हणाला, फुकट म्हणूनच.

तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो.
झोपायचो म्हणजे पडायचो.
शुक्रवारी तर उठायचोच नाही,
डाळीवर साय धरायची.
कुणी विचारलं तर सांगायचो, अंग मोडून आलंय.
मोडलं होतं ते अंग नव्हतं,
पण त्याला आमच्या गावात नाव नाही
आणि कॅम्पच्या दवाखान्यात रकाना नाही.
व्हिडिओ कॉलला फोन असा धरायचो
की कपाळ दिसावं आणि एसीची जाळी.
पूर्वा म्हणायची, बाबा, पुरते दिसा ना.
पुरता होतो कुठे मी?
डीपीला लावलेला फोटोसुद्धा चार वर्षांपूर्वीचा,
गुहागरच्या स्टुडिओतला, मागे खोटा धबधबा.

गच्चीवर एक आरसा होता,
भंगारातल्या डंपरचा, बाजूचा,
तारेने टाकीला बांधलेला.
त्यात माणूस एका वेळी थोडाच मावतो:
एक दंड, किंवा मान, किंवा बनियनचं भोक.
पहिल्या रात्री हात पाहिला.
मनगटापर्यंत करपलेला, वर पिठासारखा,
दोन माणसं शिवून एक केल्यासारखा.
सहा वेळा उचललं. सातव्याला थरथरलो
आणि हसू आलं. का, ते माहीत नाही.
लांब रिफायनरीची ज्वाला जळत होती,
हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर.

साइटवर उचललेलं कुठेतरी जातं,
तिसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी टाकीच्या पोटाशी.
इथे उचललेलं तिथेच खाली येतं.
काही बांधून होत नाही, कुणी सही करत नाही.
फक्त त्या रात्री मी उताणा झोपलो.

पाच महिने झाले. छाती फार फुगली नाही,
पोट आहे तिथेच आहे.
बशीरचा दंड मात्र भरलाय,
आरशात बघतो आणि बघतच राहतो.
आधी मी चिडवायचो. आता म्हणतो, बघू दे,
दोन वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

काही शुक्रवारी अजूनही भिंत जिंकते.
तेव्हा तो बोलत नाही,
डबे माझ्या खाटेखाली सरकवून जातो.
पत्रा फरशीवर घासतो,
तो आवाज ऐकत मी पडून राहतो.

आरशाच्या तळाला अरबीत एक ओळ आहे.
बशीरला हरफ लागतात, अर्थ नाही.
मिसरी टाइमकीपर वर सिगारेट ओढायला आला,
त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं:
दिसतंय त्याहून जवळ आहे.
काय जवळ आहे? आम्ही एकदम विचारलं.
गाडी, तो म्हणाला. मागची गाडी.

काल पूर्वाचा फोन आला तेव्हा मी वरच होतो.
फोन टाकीला टेकवला
आणि चार पावलं मागे गेलो.
बाबा, हातात काय आहे?
रंगाचे डबे.
कुठला रंग?
खडूचं अक्षर घामाने पुसलं होतं,
वरून सिमेंट, बाजूने गंज.
पांढरा, म्हटलं. अंदाजे.