किंचित उतरलेला पंचम

नाव आम्हीच ठेवलं: पिल्वी, ढगावरून.
मग आता तक्रार कुणाकडे करायची?

शाळेतून आयली बाईंचं पत्र आलं:
मुलगी हुशार आहे. मुलगी वर्गात नसते.
(नसते म्हणजे असते, तिसऱ्या बाकावर, खिडकीशी,
एक मोजा घोट्यापर्यंत ओघळलेला.)

करून पाहिलं सगळं.
तिच्या आईने आरशावर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या:
दात. मोजे. डबा. दप्तर.
पिल्वीने त्यांच्या होड्या केल्या.
मी वाळूचं घड्याळ आणलं, दहा मिनिटांचं.
म्हटलं, वाळू संपेपर्यंत फक्त गणित.
तिने दहा मिनिटं वाळू पाहिली,
पापणीसुद्धा न हलवता.

मी पियानो लावतो. बापाचाच धंदा.
फेब्रुवारीत सारेमा बेटावरच्या शाळा आठवडाभर बंद,
हीटरच्या कोरड्या हवेने लाकडं आक्रसलेली,
तेव्हा मी गावोगाव फिरतो
किल्ली, नमद्याचे तुकडे आणि स्वरकाटा घेऊन.
यंदा तिला बरोबर घेतलं.

ओरिसारेच्या शाळेचं रिकामं सभागृह.
बाहेर बर्फ पडत होता,
म्हणून तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं.
दाखवलं: एका पट्टीमागे तीन तारा.
तिसरीशी नमदा खुपसला, ती मुकी झाली.
मनात आलं, असाच एक तुकडा
हिच्या डोक्यातल्या जादा तारांशी...
आणि माझीच मला लाज वाटली.

"ऐक. दोघी भांडतायत का?"
वाँव-वाँव-वाँव, दोन्ही तारा हेलकावत होत्या.
"भांडत नाहीत. बोट बांधलीय धक्क्याला, ती हलतेय."
बरं. बोट तर बोट.
"मी किल्ली फिरवतो. बोट थांबली की हात वर कर."

पहिल्यांदा हात वर झालाच नाही.
ती पट्ट्यांखाली कुणी चिकटवलेलं
च्युइंगगम नखाने खरवडत होती.
दुसऱ्यांदा झाला, फार लवकर, मला बरं वाटावं म्हणून.
मी काही बोललो नाही. "कुठंय लक्ष?" हे वाक्य
माझ्या बापाने माझ्यावर इतकं वापरलं
की त्याची धार केव्हाच गेली.
तार पुन्हा सैल केली. पुन्हा तीच.

लक्ष द्या, म्हणतात शाळेत,
जणू ते सुट्टे पैसे, खिशात असायचेच.
सूर कुठे देता येतो? सूर लागतो.
त्याआधी तो लावावा लागतो, केसभर,
केसाच्याही निम्मा,
मनगटाने नव्हे, खांद्याने, श्वास धरून.

वाँव... वाँव...... वाँ.........
सातवी पट्टी असेल, किंवा आठवी.
तिने डोळे मिटले. मला वाटलं, गेली.
तोंड थोडं उघडं.
मग हात वर आला, इतका सावकाश
की तो उचललाय हे तिलाच ठाऊक नसावं.
मी ऐकलं. पाण्यावर सुरकुती नव्हती.

त्यानंतर तिला चटकच लागली.
पंचमांची पाळी आली तेव्हा म्हणाली,
"ही अजून हलतेय, बाबा. अगदी हळू. बांध ना."
ही नाही बांधायची, पिल्वी.
सगळे पंचम शुद्ध लावले तर शेवटी वर्तुळ जुळत नाही,
कुठेतरी एक जोडी लांडग्यासारखी रडते.
म्हणून प्रत्येक पंचम किंचित उतरवायचा,
प्रत्येकाखाली थोडं हलतं पाणी ठेवायचं.
"किती?"
दहा सेकंदांत सात हेलकावे. मोज.

पाचपर्यंत नीट मोजले, बोटांवर.
मग, "लांडगे बेटावर पोहत येतात?"

"चालत," मी म्हणालो. "समुद्र गोठला की."
पट्टी पुन्हा दाबली, आणि थांबलो.
बराच वेळ ती त्या बर्फावर होती.
"सहा," पिल्वी म्हणाली.
"सात."