घराणं

डाँगुआन, तिसरी औद्योगिक गल्ली.
माझं दुकान: दोन खुर्च्या, एक आरसा,
भिंतीत एकच सॉकेट,
त्यावर ड्रायर आणि चहाची किटली आळीपाळीनं.

शनिवारी रात्री दहाला हेडफोनचा कारखाना सुटायचा
आणि मो लीच्युन यायची.
वय सोळा. कारखान्याच्या कागदावर अठरा.
"उभे कर," म्हणाली पहिल्यांदा.
मी म्हणालो, काय?
तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.
पडद्यावर एक पोरगा,
डोक्यावर जांभळा साळिंदर,
डोळ्याभोवती काजळाचा चिखल,
मागे मात्र वसतिगृहाची भिंत, वाळत घातलेला टॉवेल.
"हे माझे आजोबा," म्हणाली.

आजोबा वीस वर्षांचे.
शेनझेनला बुटांचे तळ चिकटवायचे.
चारशे बारा जणांचं घराणं, सगळं फोनमध्ये:
आजोबा, काका, थोरली बहीण, धाकट्यातली धाकटी,
वाढदिवसाला गुलाबाचं चित्र,
आजारी पडलं तर "गरम पाणी पी", तीनशे वेळा.
आत यायची परीक्षा एकच.
कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि स्वतःचे केस ओढून दाखवायचे.
टोप चालत नसे.
सख्खा बाप निंगबोला, दुसऱ्या कारखान्यात,
वर्षातून अकरा दिवस.

अडीच तास लागायचे.
एक अख्खा डबा स्प्रे. खोकला यायचा दोघांनाही.
हिरवा, मग पिवळा, टोकाला राखाडी,
आणि कपाळावरून एक बट डाव्या डोळ्यावर
अशी, की रस्ता ओलांडताना मान वाकडी करावी लागे.
रविवारी ते नऊ जण बागेत जमायचे,
स्केटिंगच्या मैदानापासून पुलापर्यंत चालायचे, परत यायचे.
बस. एवढंच.
सोमवारी सगळी डोकी पुन्हा जाळीच्या निळ्या टोपीखाली,
एका मापाची.

मग कुणीतरी पुलावरचा व्हिडिओ टाकला.
देश हसला. मीही हसलो, खरं सांगतो,
ती नव्हती तेव्हा.

पुढचं तिच्याकडून कळलं, तुकड्यातुकड्यानं.
एक नवा आला होता. केस लालभडक, खरे,
ओढून दाखवले त्यानं.
चार महिने गुलाब पाठवले,
रात्रपाळीतल्यांशी पहाटेपर्यंत बोलला,
आजोबांनी किल्ल्या त्याच्या हाती दिल्या.
आणि एका मंगळवारी दुपारी तीनला,
सगळे लाइनवर, सगळे फोन लॉकरमध्ये,
त्यानं एकेकाला बाहेर काढलं.
चारशे बारा.
केसानं गळा कापणं म्हणतात, ते असं.

त्या महिन्यात माझ्याकडे एकतीस डोकी आली.
उभे करायचे साठ युआन घ्यायचो,
कापायचे पंधरा.
दुकान दोन्हीकडून माझंच चाललं.
रंगीत केसांचं पोतं मागच्या दारी
ओल्या पाळीव जनावरासारखं पडून असायचं.

लीच्युन शेवटी आली. सुपरवायझरनं मुदत दिली होती.
"किती ठेवू?"
"कानाच्या वर. त्यांना हवेत तसे."
मी कात्री चालवली. ती आरशात बघत नव्हती,
किटलीकडे बघत होती.
झाडू उचलला तर म्हणाली, "थांब."
उठली. फरशीवरच्या हिरव्या-पिवळ्याचा,
मग स्वतःच्या डोक्याचा फोटो काढला.
मानेचा तो पांढरा भाग
मी पहिल्यांदाच पाहत होतो,
फार लहान मुलीची मान होती ती.

मग अंगठा पडद्यावर फिरवत राहिली,
वर, खाली, पुन्हा वर.
पाठवायचं कुणाला?

बराच वेळ.
रस्त्यावर रात्रपाळीची रांग सरकत होती.

माझ्याच खिशात फोन वाजला.