आरटीओ

माझे वडील अंधेरीच्या आरटीओबाहेर
बाकड्यावर बसून लोकांचे फॉर्म भरत.
म्हणून पहिल्यांदा कॉकपिटमध्ये शिरले
आणि ब्रेकच्या खुंटीशेजारी तीच तीन अक्षरं दिसली
तेव्हा मला हसू आवरेना.

इथे अर्थ निराळा.
उड्डाण सोडून द्यायचं, आणि थांबायचं.
निघण्याआधी वैमानिक खुंटी तिथे वळवून ठेवतो
आणि रोज ती काहीच करत नाही.
चाकं उचलली की तिची पाळी संपली.

काल रात्री सव्वादोनला
कुर्ल्याकडून समुद्राच्या दिशेने पळताना
डावं इंजिन खोकलं.
कॅप्टन सोनटक्क्यांचा हात अजून थ्रॉटलवर होता.
‘व्ही-वन’ ऐकलं की तो उचलायचा असतो,
मग कितीही जीव खालीवर झाला तरी
आभाळातच जायचं.
ते ऐकायला दोन श्वास बाकी होते.

त्यांनी हात मागे खेचला.
तिला तेवढीच खूण पुरते.
माणसाचा पाय आधी विचारतो, खरंच?
ती विचारत नाही,
सगळा दाब एकदम चाकांवर घालते.
आणि चाक घसरू लागलं की दुसरं कुणीतरी
क्षणभर सोडतं, धरतं, सोडतं, धरतं,
पोराला सायकल शिकवताना
मागून सीट धरावी तसं.

आम्ही जीपने पोचलो. सहारगावचा बोनिफास ओरडला,
"कडेने नको गो, पुढून ये!"
तापलेल्या चाकाच्या बाजूला उभं राहायचं नाही.
पाणी मारायचं नाही.
थांबायचं.
आतल्या चकत्या शेगडीसारख्या लाल.
टायर फुटू नये म्हणून त्यात एक बूच असतं, ते वितळतं,
आणि टायर सुस्कारा टाकून खाली बसतो.
तीन बसले. चौथा का बसला नाही, कळलं नाही.

शिडीवरून उतरताना एक बाई,
पोटाशी स्टीलचा डबा धरून,
"काय झालं हो?"
"काही नाही झालं."
"मग उतरवता कशाला?"
यावर माझ्याकडे उत्तर होतं,
पण बस सुटली.

पहाटेपर्यंत धातू टिकटिकत निवत राहिला.
बोनिफासने टॉर्च धरला, मी लॉगबुकात लिहिलं.
काजळी नखांत तशीच.

आठला घरी. बाबा पेपर बाजूला ठेवून,
"रात्रभर कुठे?"
"आरटीओत."
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"आणि एका खेपेत काम झालं?"