दहापैकी

शुक्रवारच्या पुरवणीत चारशे शब्द,
शेवटी चौकट, चौकटीत आकडा.
इस्साम म्हणतो, लोक आकडाच वाचतात,
शब्द तू तुझ्या समाधानासाठी लिही.

फहाहीलमध्ये रात्रीचे दोन.
समोर रिफायनरीची ज्योत.
तिच्यामुळे या घरात पुरता अंधार कधी होतच नाही,
भीतीचा खेळ तपासायचा तर
खिडकीला काळी चादर टाचावी लागते.

जगभरचे गुण येऊन पडलेत :
नऊ, साडेसात, आठ,
कुणा चिडलेल्याचा चार.
तक्रार सगळ्यांची एकच.
पहिल्या भागात तीन गोळ्या होत्या, विझत आलेला कंदील,
आणि मिठाच्या बंद कारखान्यात
आपल्या श्वासाचा माग काढत येणारं ते.
दुसऱ्या भागात गोळ्या रग्गड,
नकाशा आयता,
कारखाना मात्र तोच. तेच जिने, तीच गोदामं.
जुन्यावरच भागवलं म्हणतात, कष्ट वाचवले.

मीही तेच लिहिलंय.
‘पुनरावृत्ती’ हा शब्द दोनदा आलाय,
म्हणजे त्याचीही झालीच.
सहा द्यावेत.

बाबा पाणी प्यायला उठतात.
घरात फिल्टर आहे, तरी तांब्या.
खालचा हारिस त्यांना अबू ऋजुता म्हणतो
आणि ते दर वेळी वळून बघतात,
जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारली.
माझ्या खुर्चीमागे उभे राहतात.
“गोळ्या किती उरल्या?”
“चाळीस.”
“मग कसली भीती,” म्हणतात, आणि बसतात.

नव्वदचा ऑगस्ट. हीच गल्ली.
काबुली चण्याचे अकरा डबे,
एक मेणबत्ती, तिच्यावर पेन्सिलीनं पाडलेले सात भाग
(हिशेबनीस माणूस),
आणि मी आईच्या पोटात.
शिट्टी बाहेर ऐकू जाईल म्हणून
आईनं कुकर माळ्यावर टाकलेला.
मग बसरा, बगदाद, वाळूतला तंबू, अम्मान, विमान.
हा भाग आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे,
लग्नाकार्यात त्याला मागणी असते.

दुसऱ्याबद्दल ते कधी बोललेले नाहीत.

“ब्याण्णवच्या मार्चात परत आलो. एकटाच.
पगार सुरू, बाजारात अंडी, तेल, सगळं.
भ्यायचं असं कुणी उरलंच नव्हतं.
जिन्यात दिवासुद्धा लागत होता.
दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले.
वर काय आहे ते ठाऊक होतं ना,
म्हणून थांबले.”

दार नव्हतं. फ्रिज नव्हता.
भिंतीवर कॅलेंडर, ऑगस्टचं पान.
आणि ओट्याखाली, कुणीही न नेलेले,
दोन डबे.

“मग?”

तांब्या या हातातून त्या हातात.
“तुझ्या खेळात परत येणारी बाई तीच आहे?”
“हो.”
“मग जिना दुसरा कसा असेल?”

ते झोपायला जातात.
मी मुद्दाम बाईला उभी ठेवते त्या जिन्याशी,
बटणावरचा अंगठा काढून.
नवव्या पायरीवर, जिथे पहिल्या भागात
माझा कंदील विझला होता,
तिचा श्वास अडखळतो.
चाळीस गोळ्या कमरेला, आणि अडखळतो.
पुन्हा खाली नेते. पुन्हा वर.
तिथेच.
एकाही समीक्षेत हे नाही.
माझ्याही नाही.

इस्सामचा निरोप : आकडा?
सकाळी देते, म्हणून कळवते.
एक ‘पुनरावृत्ती’ खोडते, एक राहू देते.

चहा टाकायला स्वयंपाकघरात जाते.
फडताळात डबे, एका ओळीत,
लेबलं समोर, जुने पुढे, नवे मागे.
जन्मापासून हे फडताळ बघत आलेय,
या घरात, त्याआधीच्या दोन घरांत.
कधी मोजले नव्हते.