रंगांचा तक्ता

जुबैलला, आमच्या प्लांटच्या मुतारीत
भिंतीवर तक्ता आहे : पिवळ्याच्या आठ छटा,
फिक्या पाण्यापासून काकवीपर्यंत.
खाली पाच भाषांत, तुमचा रंग ओळखा.
मराठी नाही त्यात. पिवळ्याला भाषा कशाला?

दाऊद परकार म्हणायचा, आपला सातवा. फिक्स.
आणि नाडी बांधत हसायचा.

मी समुद्र गाळतो. पगार त्याचाच आहे.
पंप खाऱ्याला पडद्यावर रेटतात,
शंभर लिटरमधून चाळीस गोडं,
साठ परत समुद्राच्या तोंडावर,
आधीपेक्षा खारट करून.

डॉक्टर थंकम्मांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं.
दाऊद बघत नव्हता, म्हणून मी बघितलं.
घेवड्याच्या दोन बिया, मुठीएवढ्या,
पाठीशी, शेवटच्या फासळ्यांच्या आडोशाला.
उजवी जरा खाली, कारण वर यकृत बसलेलं,
मोठ्या भावाने बाकावर जागा अडवावी तसं.

एकेकीत दहा लाख गाळण्या, त्या म्हणाल्या.
दर गाळणीच्या तोंडाशी रक्तवाहिन्यांचा गुंता,
मांजराने खेळून टाकलेला दोरा जसा.
दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळून होतं.
मी मनात मांडलं : कूलरवर उलट्या ठेवतात
त्या मोठ्या बाटल्या, नऊ.
मग नळी खाली खारात उतरते,
केसातल्या आकड्यासारखी वळते, वर येते,
वाटेत मीठ, साखर, पाणी
ज्याचं त्याला मोजून परत.
शेवटी उरतं दीड लिटर.
दीड!
आमच्या इंजिनिअरला सांगितलं तर तो खुर्चीतून उठेल.

पुढे वीतभर लांबीच्या दोन नळ्या.
नुसता उतार नाही त्यांना, स्वतःचा जोर आहे :
आवळतात, सोडतात, थेंब पुढे ढकलतात.
माणूस उलटा टांगला तरी चुकणार नाहीत.
खाली एक पिशवी, अर्ध्या लिटरची,
थांब म्हटलं की थांबणारी.

थांब, दाऊद तिला फार म्हणाला.
तो परांचीवर असायचा, सातव्या लेव्हलला.
मुतारी जमिनीवर, टाकीच्या पलीकडे.
उतरायला अकरा मिनिटं, चढायला चौदा,
आणि फोरमनच्या वहीत पंचवीसचा खाडा.
म्हणून तो पाणीच प्यायचा नाही.
ऑगस्टमध्ये. लोखंडाला हात लावला की
कातडी सोडून यावी लागायची, त्या उन्हात.
खाली मी पाणी बनवत होतो,
ताशी किती हजार लिटर
ते लाल आकड्यांत लुकलुकत होतं.

दात ठणकतो, पोट मुरडतं,
ही दोघं मात्र बोलत नाहीत.
निम्म्याहून जास्त गाळण्या विझल्या
तरी उरलेल्या मुकाट्याने दुप्पट राबतात.
आमच्याकडे एक पडदा फाटला
तर सायरन होतो, मॅनेजर अनवाणी धावत येतो.
दाऊदकडे फक्त घोटे सुजले.
बूट लहान झाला म्हणून त्याने बूट बदलला.

क्रिएटिनीन अकरा.
तिकीट कंपनीने काढलं, एकेरी.

आता त्याच्या व्हॉइस नोट येतात, महाडहून,
मंगळवारी आणि शुक्रवारी, मशीनला जोडलेला असताना.
मागे घरघर ऐकू येते. ती मी ओळखतो,
कुठलाही पंप असाच बोलतो.
म्हणतो, तुझ्या पडद्यासारखाच पडदा आहे रे यात,
फक्त समुद्राच्या जागी मी.
आणि म्हणतो, दिवसाला एक लिटर पाणी.
चहा धरून. आमटी धरून.
बायको मापाची बाटली कपाटात ठेवते.
रात्री बर्फाचा खडा चोखतो, त्याचाही हिशोब.
तहान लागते, आयशप्पत, अशी कधी
तिकडे वरतीही लागली नव्हती.

मी उत्तर पाठवत नाही लगेच.
शिफ्ट संपते, फजरच्या आधी.
नळ सोडतो, माझ्याच प्लांटचं पाणी,
दोन ग्लास उभ्याउभ्या पितो.
मग तक्त्यासमोर उभा राहतो, चौथा,
फार तर साडेचार.
सातव्या चौकोनावर
कोणाच्या तरी बोटाचा काळा ठसा आहे.
साफ करणारा पोरगा रोज भिंत पुसतो,
तेवढं मात्र
ओल्या फडक्याने जात नाही म्हणतो.